गिरणगावाचे एक गाणे

लढाईचा इतिहास सांगणे त्या मानाने सोपे, कारण लढाईला तिथी असते आणि तहाला कागद असतो. गाण्याचे तसे नाही. गाण्याला पुष्कळदा माणसाच्या गळ्याखेरीज दुसरे दप्तरच नसते. तरीही आज मी एका गाण्याचा इतिहास आपल्यापुढे मांडणार आहे. ते गाणे आमच्या लालबाग-परळच्या गिरणगावाचे आहे. परंतु त्याच्याकडे वळण्यापूर्वी आपणांस क्षणभर विलायतेतील बर्मिंगहॅम शहरी यावे लागेल. त्याला कारण असे घडले.

आमच्या शेजारी कॉलेजात जाणारा एक मुलगा राहतो. २०२५ च्या जुलै महिन्यात एके संध्याकाळी त्याच्या खोलीतून असा काही गडगडाट ऐकू येऊ लागला, की मी दार ठोठावून चौकशी केली. तो म्हणाला, “गुरुजी, ओझी ऑस्बर्न गेला. त्याचं ‘पॅरानॉइड’ लावलंय.” ह्या संगीतास हेवी मेटल, म्हणजे जड धातूचे संगीत म्हणतात, ही माहितीही त्यानेच पुरविली. तो गडगडाट मला रुचला असे म्हणवत नाही. पण मास्तरकीची खोड जात नाही, म्हणून त्या गाण्याची कुळकथा मी त्याच्याकडून काढून घेतली आणि मग स्वतः वाचली. ती ऐकण्यासारखी आहे.

बर्मिंगहॅम हे कारखान्यांचे शहर. तेथील टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात कामास होता. नोकरीच्या अगदी शेवटच्या दिवशी यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. मुलगा डावखुरा, त्यामुळे गिटारच्या तारा दाबण्याचा हात नेमका तोच. कारखान्यातील मुकादमाने त्याला जँगो राइनहार्ट ह्या वादकाची ध्वनिमुद्रिका आणून दिली. हा वादक हात भाजल्यामुळे दोनच बोटांनी तारा दाबून वाजवीत असे. मुलाने उमेद धरली, प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली आणि पुढे ताराही ढिल्या सोडल्या. त्या ढिल्या तारांतून जो जड, खर्जातला नाद निघाला, तो ह्या संगीताचा पाया ठरला. त्याचा सोबती ऑस्बर्न हा तर गायक होण्यापूर्वी मोटारींचे भोंगे तपासण्याचे काम करीत असे. ह्या मंडळींच्या ‘ब्लॅक सॅबथ’ संचाचे ‘पॅरानॉइड’ हे गाणे १९७० साली जन्मास आले, ते केवळ ध्वनिमुद्रिकेवर थोडी जागा भरावयाची राहिली म्हणून. सोबती जेवावयास गेले असता आयोमीने सुरावट बसविली, गीझर बटलरने शब्द लिहिले, आणि फार थोड्या वेळात काम आटोपले. जागा भरण्यासाठी केलेले ते गाणे पंचावन्न वर्षांनी परळच्या एका खोलीत वाजत होते.

हे सर्व वाचून झाल्यावर माझ्या मनात एकच शब्द घर करून राहिला: भोंगा. कारण भोंग्याच्या हाकेवर उठणारे, जेवणारे आणि निजणारे दुसरे एक शहर मी लहानपणापासून पाहिले आहे. त्या शहराचेही एक गाणे आहे, आणि तेही तुटलेल्या जागेतूनच उमटलेले आहे. मात्र येथे तुटली होती ती बोटे नव्हेत, संसार तुटला होता. ते गाणे म्हणजे अण्णाभाऊ साठे यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड. कोणी ‘गावावर’ म्हणतात, कोणी ‘गावाकडे’ म्हणतात. गळ्यातून गळ्यात गेलेल्या गाण्याची ती खूणच होय.

गाणे समजावयाचे तर आधी गिरणगाव समजले पाहिजे. कावसजी दावर यांनी १८५४ साली ताडदेव येथे मुंबईतील पहिल्या कापड गिरणीचा पाया घातला. पुढे लालबाग, परळ, वरळी, भायखळा ह्या भागांत धुराड्यांचे रानच उभे राहिले. त्यांत राबणारी माणसे आली मुख्यतः रत्नागिरीकडून आणि सातारा, कोल्हापूर ह्या घाटावरच्या मुलखातून. माणसे आली म्हणजे पुरुष आले. दहा फूट लांबीरुंदीच्या खोलीचे भाडे परवडणे मुश्कील, तेथे बायकोला आणणार कोठून? म्हणून बायको गावी शेताच्या तुकड्याशी, सासूसासऱ्यांशी आणि गुराढोरांशी बांधलेली राही. नवरा मुंबईत साच्याशी बांधलेला राही. एकेका गावकीच्या खोलीत वीस-वीस माणसे राहत. पहिल्या पाळीचा माणूस उठून गेला की त्याच्याच वळकटीच्या जागी रातपाळीचा आडवा होई. जेवण खानावळीत, देव भजनात आणि संसार मनिऑर्डरीच्या पावतीवर, अशी ती रीत होती. बर्मिंगहॅमच्या मजुराला संध्याकाळी घर तरी होते. आमच्या मजुराचे घर दीडशे-दोनशे मैलांवर होते.

अण्णाभाऊ ह्याच वाटेने मुंबईस आले. त्यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी सांगली जिल्ह्यातील वाळवे तालुक्यात वाटेगाव येथे, मांग जातीच्या गरीब कुटुंबात झाला. शाळेत ते जेमतेम दीड दिवस गेले, हे प्रसिद्धच आहे. आयुष्यभर हजेरीपट मांडलेल्या माझ्यासारख्या मास्तराला ही गोष्ट अजून खाली मान घालावयास लावते. वडिलांबरोबर ते पायी मुंबईस आले, पडेल ते काम केले, गिरणीतही राबले, आणि माटुंग्याच्या लेबर कॅम्पात राहून अक्षरओळख, राजकारण व शाहिरी ह्या तिन्ही गोष्टी शिकले. १९४४ साली त्यांनी अमर शेख आणि दत्ता गव्हाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभारले. अमर शेख हे बार्शीचे. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. त्यांच्या पहाडी आवाजाला ध्वनिक्षेपकाची गरज भासत नसे, असे त्यांना ऐकलेली जुनी माणसे सांगत.

ह्या मंडळींनी एक मोठे काम केले. तमाशा हा गिरणी कामगाराचा आवडता खेळ होता. परंतु गिरगाव-दादरच्या पांढरपेशा घरांत त्याचे नाव काढणेही शिष्टपणाचे समजले जात नसे. अण्णाभाऊंनी तोच साचा उचलला आणि त्यात नवे सूत भरले. गणात गणपतीऐवजी कष्टकऱ्यांना आणि हुतात्म्यांना वंदन आले, गवळण गळाली, आणि सावकार, शेटजी, पुढारी यांची सोंगे बोर्डावर आली. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत मुंबई सरकारने ह्या कलापथकाच्या प्रयोगांवर बंदी घातली. तमाशाला ‘लोकनाट्य’ हे सोज्ज्वळ नाव मिळाले ते ह्याच धामधुमीत.

आता गाण्याच्या जन्माकडे येऊ. गाण्यात संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे स्पष्ट वर्णन आहे. त्यावरून ते चळवळ ऐन भरात आली त्या काळाचे, म्हणजे १९५५-५६ च्या सुमाराचे, हे उघड आहे. ते दिवस आपणांपैकी कित्येकांनी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकले असतील. २० नोव्हेंबर १९५५ रोजी गिरगाव चौपाटीवर मोरारजी देसाई व स. का. पाटील यांची सभा लोकांनी उधळून लावली. दुसऱ्याच दिवशी, २१ नोव्हेंबरला, फ्लोरा फाउंटनपाशी जमलेल्या मोर्चावर गोळीबार होऊन पंधरा माणसे पडली. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय जाहीर झाला, आणि शहर पुन्हा पेटले. हुतात्म्यांची संख्या शंभरावर गेली. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. तिघेही शाहीर डफ-ढोलकी घेऊन ह्या लढ्यात उतरले.

अशा वेळी एखादा दुसरा कवी शिवरायांच्या तलवारीपासून आरंभ करता. अण्णाभाऊंनी आरंभ केला तो एका स्त्रीच्या रूपवर्णनापासून. छक्कड हा लावणीचाच एक ठसकेबाज प्रकार. तेव्हा श्रोत्यांना वाटावे की आता नेहमीचा शृंगार ऐकावयास मिळणार. नायक आपल्या बायकोचा बांधा, रंग, चाल, स्वभाव यांचे वर्णन करीत जातो, पण हळूच सांगतो की गरिबीने आमची ताटातूट केली. पहाटेची वेळ आहे, भाकरीचे गाठोडे बांधले आहे, आणि ती त्याला वेशीपर्यंत घालवावयास आली आहे. तिने हसावे म्हणून तो दागिन्यांची वचने देतो. तोडे, साज, वज्रटीक, नथ, एकामागून एक दागिन्याचे नाव येते आणि ढोलकीचा जोर वाढत जातो. ज्याच्या खिशात मुंबईचे पुरते भाडेही नसावे, तो माणूस सोन्याची यादी वाचतो आहे! ती हसत नाही. तो निघतो. मुंबईत बेकारांची गर्दी असते, तीत एकाची भर पडते.

आणि मग गाणे वळते. चळवळ सुरू होते. कामगार, शेतकरी आणि मध्यमवर्गीय एकत्र उठतात. आणि शेवटी शाहीर म्हणतो की गावी राहिलेल्या मैनेची आणि माझी जशी भेट नाही, तशीच गत ह्या तुटलेल्या महाराष्ट्राची झाली आहे. बेळगाव, कारवार, निपाणी, डांग, उंबरगाव ही नावे तेथे येतात. वरवर पाहता विषय पालटला; वस्तुतः तो पालटलेलाच नाही. भाषिक प्रांतरचना म्हणजे काय, हे शेकडो पत्रकांनी साचेवाल्याला पटले नसते, ते एका क्षणात पटले. कारण आपल्या माणसापासून तुटून राहणे म्हणजे काय, हे समजावून घेण्यास त्याला कोणत्याही पत्रकाची जरुरी नव्हती. माझ्या मते ह्या गाण्याचे सारे सामर्थ्य ह्या सांध्यात आहे. पहिला भाग काढला तर मागे निवडणुकीची घोषणा उरते. दुसरा काढला तर नुसती विरहाची लावणी उरते.

श्रोतेहो, ही गोष्ट मला पुस्तकातून कळली नाही. ती एका चुकीतून कळली. ती चूक माझी आहे, म्हणून सांगतो.

मी बारा वर्षांचा होतो. आमच्या चाळीतील गावकीच्या खोलीतल्या माणसांची पत्रे मी लिहून देत असे. मजकूर ठरलेला असे: मनिऑर्डर पाठविली आहे, पाऊस कसा आहे, म्हैस व्यायली की नाही, आणि वडिलांना दंडवत. बायकोचे नावही पत्रात येत नसे. कारण गावी ते पत्र कोणीतरी शाळकरी पोर साऱ्या घरासमोर मोठ्याने वाचणार. साचेखात्यात काम करणारे एक गृहस्थ होते. आम्ही मुले त्यांना तात्या म्हणत असू. गणपतीच्या रात्री चौकात कोणी शाहिराने हे गाणे म्हटले. दुसऱ्या दिवशी तात्या आंतरदेशीय पत्र घेऊन आले. नेहमीचा मजकूर सांगून झाला. मग खालच्या आवाजात म्हणाले, “बाळ, कालच्या गाण्याचा पहिला चरण खाली लिही.”

मला संकोच वाटला. लावणीतला चरण पत्रात लिहावयाचा? सासऱ्यासमोर तो वाचला जावयाचा? मी लिहिले, ‘इकडील सर्व खुशाल आहे. तिकडील खुशाली कळवावी.’ तात्यांना अक्षर येत नव्हते. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवून विचारले, “लिहिलंस नव्हं?” मी हो म्हटले. तीन आठवड्यांनी उत्तर आले. तेही मीच वाचून दाखविले: पाऊस बरा आहे, भात लावला, सर्व खुशाल. तात्यांनी ते दोनदा वाचावयास लावले आणि विचारले, “आणखी काही नाही?” मी म्हटले, नाही.

पुढे मी मॅट्रिक झालो, मास्तर झालो, आणि तीच चूक निराळ्या रीतीने पुन्हा केली. एका वर्षी शाळेच्या संमेलनात मुलांकडून हे गाणे बसवून घ्यावयाचे ठरले. वरिष्ठांनी सुचविले की मुलांच्या तोंडी स्त्रीचे रूपवर्णन नको, शेवटचा महाराष्ट्राचा भाग तेवढा घ्या. मी मान डोलावली. मुलांनी बेळगाव-कारवारची नावे खणखणीत म्हटली, टाळ्याही पडल्या. परंतु मैना कोण आणि ती गावी का राहिली, हे एकाही मुलाला ठाऊक नव्हते. उलट, करमणुकीच्या कार्यक्रमांत मी हे गाणे ऐकले, तेव्हा गायक वेशीवरच्या निरोपापाशी थांबला आणि चळवळीचा भाग गाळून मोकळा झाला. एकाला शृंगार नको, दुसऱ्याला राजकारण नको. दोघे मिळून गाण्याचे दोन तुकडे करतात. आणि गाणे तर तुकडे झाल्याच्या दुःखाचेच आहे.

आता गाण्याचे पुढे काय झाले, ते थोडक्यात सांगतो. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. पुढे फ्लोरा फाउंटनपाशी हुतात्मा स्मारक उभे राहिले. परंतु गाण्याच्या अखेरीस आलेली गावे बाहेरच राहिली: डांग व उंबरगाव गुजरातेत गेले, बेळगाव, कारवार, निपाणी तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात राहिली. त्या बाजूने पाहता गाण्याचे शेवटचे कडवे अपुरेच राहिले. अण्णाभाऊंची ‘फकिरा’ ही कादंबरी १९५९ साली प्रसिद्ध झाली, तिला राज्य पुरस्कार मिळाला, ते रशियाचा प्रवास करून आले. परंतु १८ जुलै १९६९ रोजी त्यांचा अंत झाला तो गरिबीतच. त्यानंतर अवघ्या सहा आठवड्यांनी, २९ ऑगस्टला, अमर शेख मोटार अपघातात गेले. २००२ साली अण्णाभाऊंचे टपाल तिकीट निघाले, आणि २०२२ साली मॉस्कोत त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. ज्याने पत्रे लिहिता न येणाऱ्यांचे मन गायिले, त्याचे चित्र पत्रावर चिकटले, ते पत्र लिहिण्याचा काळ सरत आल्यावर.

आणि ज्या श्रोत्यांनी हे गाणे डोक्यावर घेतले, त्यांचे काय झाले? १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरण्याच एकामागून एक मिटल्या. भोंगे थांबले. लोअर परळला फिनिक्स गिरणीच्या आवारात बाजारमहाल उभा राहिला; जेथे धुराडी होती तेथे काचेचे मनोरे आले. मुंबई महाराष्ट्राची झाली खरी. परंतु ती मिळावी म्हणून जो डफाच्या तालावर चालत गेला, त्याला तीत राहावयास जागा उरली नाही. मैनेला मुंबईत आणण्याचे त्याचे स्वप्न होते. शेवटी तोच मैनेकडे परत गेला, रिकाम्या हाताने.

तात्या १९८३ साली गेले. परळच्या एस. टी. स्थानकावर त्यांची ट्रंक मीच उचलून टपावर चढविली. तेव्हा त्यांना ती पत्राची गोष्ट सांगावी असे मनात आले होते. गाडी सुटेपर्यंत वेळ होता, तरी सांगितली नाही. ते चार-पाच वर्षांत वारले असे कळले. त्यांच्या पत्नीस मी कधी पाहिले नाही.

बर्मिंगहॅमच्या लोकांनी आपल्या गाण्यास चांगला निरोप दिला. ५ जुलै २०२५ रोजी ह्या मंडळींनी आपल्याच शहरातील मैदानावर शेवटचा जलसा केला, आणि अखेरचे गाणे म्हणून ‘पॅरानॉइड’ वाजविले. पुरते वाजविले. सतरा दिवसांनी ऑस्बर्न गेला. आमच्या शेजारच्या मुलाला मी हे सर्व सांगितले, आणि मग त्याला आमचे गाणेही सांगितले, रूपवर्णनापासून शेवटच्या गावापर्यंत. त्याचे आजोबा गिरणीत होते, हे त्याला माहीत होते; आजी गावी का राहत असे, हे त्याने कधी विचारले नव्हते. त्याने त्या रात्री आईला विचारले.

तेव्हा माझे मागणे इतकेच आहे. १ मे रोजी, अण्णाभाऊंच्या जयंतीला, किंवा सहज घरी बसून, जेव्हा कधी आपण हे गाणे लावाल अथवा गाल, तेव्हा ते सबंध गा. लाजेने पहिले कापू नका, भीतीने शेवटचे कापू नका. मी दोन्ही वेळा कापले, आणि एका माणसाचा निरोप वाटेतच राहिला.